काळुरामने वळलेली मूठ

अँब्रोज डिमेलोंच्या ओट्यावर ती बाई येऊन बसली, तेव्हा देवळातली सकाळची घंटा अजून व्हायची होती.

सन अठराशे चौऱ्याण्णवचा माघ महिना. ठाण्यात तेव्हा खाडीवरून असं धुकं चढायचं की समोरच्या घराची कौलंही दिसत नसत, आणि दहाच्या सुमाराला तेच आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख व्हायचं. तसं धुकं आता कुठे राहिलंय?

अँब्रोजबाबांच्या बायकोने, ॲडेलिनने, दार उघडलं आणि आत वळून हाक मारली, "अहो, तुमचं गिऱ्हाईक आलंय. तीस वर्षं सरकारचं मीठ जोखलं, आता लोकांची गाऱ्हाणी जोखा."

अँब्रोजबाबा मीठ खात्यात दारोगा होते. पेन्शन घेतल्यापासून हरवलेल्या वस्तू, खोटे कागद, चोरीचा आळ असल्या गोष्टी लोक त्यांच्याकडे घेऊन येत. उंच, वाळका माणूस. डोळे मात्र घारीचे.

"कोण गं तू?"

"मी मालन. जिनगराच्या घरची." बाईने पदर तोंडाशी धरला होता. "घरधन्याला चौकीत घातलंय बाबा. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणार. त्यांनी काही केलं नाही. मी शपथेवर सांगते, त्यांनी काही केलं नाही."

काळुराम जिनगराचं नाव गावाला ठाऊक होतं. आजा-बापाने घोड्यांची खोगिरं शिवली. काळुराम साहेबांच्या काठ्यांच्या मुठी वळायचा.

खाडीकडच्या माळावर साहेब लोकांनी नऊ गली, म्हणजे छोटे खड्डे, खणल्या होत्या. लांब काठीने चेंडू टोलवत एका गलीतून दुसऱ्या गलीकडे जायचं. ते त्याला गोल्फ म्हणत, गाव त्याला साहेबांचा विटीदांडू म्हणे. काठी पकडतात तिथली मूठ म्हणजे साधं काम नव्हे. लाकडावर आधी गरम राळ, राळेवर लोकरीची पट्टी, पट्टीवर मेंढीचं मऊ कातडं, वर आणि खाली मेणाचा दोरा आणि एकेक बारीक लोखंडी खिळा. मूठ जाड झाली तर मनगट वळत नाही, बारीक झाली तर माणूस ती आवळत बसतो आणि हात भरून येतो. ज्याचा त्याचा हात बघून मूठ वळावी लागते. ते काळुरामला साधलं होतं.

इतक्यात शाळामास्तर मधुभाऊ हातात पितळेचा तांब्या घेऊन पायऱ्या चढले. अँब्रोजबाबांकडे ते रोज येत, पण पाणी स्वतःचं आणत.

"आली बघ यांची विहीर," ॲडेलिन पुटपुटली.

"मधुभाऊ, बसा आणि ऐका," अँब्रोजबाबा म्हणाले. "बोल मालन. शनिवारी काय झालं?"

इंजिनियरसाहेबांच्या मेमसाहेबांसाठी काळुरामने नवी मूठ वळली होती. गुरुवारी संध्याकाळी काम झालं. शुक्रवारी दुपारी मेमसाहेबांनी माळावर काठी चालवून पाहिली, खूष झाल्या. शनिवारी सकाळी सात वाजता सगळे साहेब जमले. मेमसाहेबांनी पहिलाच टोला मारला आणि काठी हातातून निसटून भिरभिरत गेली. बाजूला उभ्या असलेल्या पाहुण्या साहेबांच्या कपाळावर बसली. साहेब कोसळले ते अजून शुद्धीवर नव्हते.

"मुठीला तेल होतं म्हणतात," मालन म्हणाली. "आणि महिन्यामागे त्याच साहेबांनी घरधन्यांची एक काठी चिखलात फेकून 'गावठी काम' म्हटलं होतं. तो राग काढला म्हणतात. साहेब गेले तर..."

"तुला कोणाचा संशय?"

मालनने मान वर केली. तिचे डोळे एकदम कोरडे झाले. "त्या अल्फान्सोला विचारा. नाहीतर त्याच्या पोरीला."

*

चौकीतला जमादार विठ्ठल अँब्रोजबाबांचा जुना परिचित. त्याने काठी टेबलावर ठेवली.

"बघा, अजून तेलकट आहे," तो म्हणाला.

अँब्रोजबाबांनी मूठ बोटांनी चोळली. कातडं ओलसर, बुळबुळीत होतं. त्यांनी खिशातला एक कागद मुठीभोवती दाबून धरला, मग उजेडात पाहिला. कागद भिजला होता, पण त्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं. तळाशी बसवलेला खिळा त्यांनी नखाने खरवडला. नखाला तांबूस पूड लागली.

"गुरुवारी ठोकलेला खिळा," ते स्वतःशीच म्हणाले.

जमादाराच्या परवानगीने त्यांनी कातडं थोडं उसवलं, आतली लोकरीची पट्टी चार बोटं कापून घेतली आणि चौकीच्या शेगडीवर धरली. पट्टी वाळून कडक झाली. ती त्यांनी खिडकीत ठेवली.

"पट्टी वाळवायची होती का?" मधुभाऊंनी विचारलं.

"नाही. तिची वाट पाहायची आहे."

काळुराम कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी घालून बसला होता. तिशीचा, बारीक अंगाचा, बोटं मात्र लांबसडक.

"काळुराम, मूठ कोणी वळली?"

"मीच."

"पट्टी कोणी वाळत घातली?"

"मीच. परसात, दोरीवर."

"कातडं?"

"कल्याणहून आणलं. चांगलं होतं." त्याने मान खाली घातली. "मूठ माझी आहे बाबा. चूक असेल ती माझीच. लिहून घ्या आणि मोकळे व्हा."

"गरम राळेवर पट्टी चढवताना काही वेगळं वाटलं?"

काळुरामने झटकन वर पाहिलं. क्षणभरच. "नाही," तो म्हणाला, आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

निघताना अँब्रोजबाबांनी खिडकीतली पट्टी उचलली. तास उलटला होता, बाहेर ऊन चढलं होतं, तरी पट्टी पुन्हा मऊ आणि ओली झाली होती. त्यांनी ती जिभेच्या टोकाला लावली आणि त्यांचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं वाकडं झालं.

"काय आहे?" मधुभाऊ म्हणाले.

"तेल नाही, एवढं नक्की. तुमच्या तांब्यातलं पाणी द्या. चूळ भरतो."

मधुभाऊंनी तांब्या मागे घेतला, मग लाजून उंचावरून ओंजळीत पाणी ओतलं.

*

अल्फान्सो सुताराचं दुकान कोलशेतच्या रस्त्यावर होतं. काठ्या तोच तासायचा. पूर्वी मुठीही तोच वळायचा, वर्षभरापूर्वीपर्यंत.

"ये अँब्रोज, ये. चौकशीला आलास ना?" रंधा न थांबवता तो म्हणाला. "मग लिही. मी जळतो त्याच्यावर. सकाळ-संध्याकाळ जळतो. वीस वर्षं मी मुठी वळल्या, कोणी हूं की चूं केलं नाही. हा कालचा पोरगा हात बघतो काय, बोटं मोजतो काय! आणि मेमसाहेब मला म्हणतात, अल्फान्सो, तुझी मूठ म्हणजे दाराची कडी. सगळ्यांना एकच."

"एकच होती ना रे?"

"होती! दाराची नाही एकच कडी पुरत सगळ्या घराला?"

मधुभाऊंनी अँब्रोजबाबांना कोपराने ढोसलं आणि फळीवरच्या अळशीच्या तेलाच्या बाटलीकडे डोळ्यांनी खुणावलं. अल्फान्सोने ते पाहिलं.

"तेल बघता मास्तर? बघा, बघा. पण एक सांगा, ती काठी कोणी तासली? मी. उडून दगडावर पडली असती तर मोडली कोणाची असती? माझी. त्याची मूठ बिघडवायला मी माझी काठी दगडावर घालीन होय?" त्याने शेवटी रंधा ठेवला. "आणि माझ्या पोरीचं म्हणाल, तर एमाला मी दहादा सांगितलं, त्या घरी जाऊ नको. तिची नोकरी आहे, मेमसाहेब पाठवतात, ती जाते. मला तेही सोसत नाही. झालं?"

एमा मेमसाहेबांकडे आया होती. बंगल्याच्या मागल्या दारी ती भेटली. वीस-एकवीसची, गोड चेहऱ्याची, रडून डोळे सुजलेली.

"मी पाच वेळा गेले बाबा त्यांच्याकडे. आधी मेमसाहेबांचा हातमोजा घेऊन गेले. मोजा त्यांनी दुपारपर्यंत ठेवला, परत दिला. मग मेमसाहेबांना कातड्याची कोणती बाजू वर हवी, जाड हवी की बारीक, रोज मन बदले. मी निरोप घेऊन धावायची."

"मालनबाई कशी वागायची?"

एमाने हाताची बोटं चाळवली. "पहिल्या दिवशी बोरं दिली मूठभर. दुसऱ्या दिवशी बस म्हणाली. शेवटी गेले तर दारच लावून घेतलं तोंडावर. मी काय केलं होतं? ईस्टरनंतर माझं लग्न आहे, ते सांगायला तोंड उघडलं तर ऐकायलाही थांबली नाही."

"शनिवारी सकाळी काठ्यांची पिशवी कोणाकडे होती?"

"माझ्याकडेच. दंव फार होतं. सगळ्या काठ्या मी फडक्याने पुसल्या, त्या कोरड्या राहिल्या. नवी मात्र पुसली की पुन्हा ओली. मेमसाहेबांना सांगणार होते, पण त्यांनी ओढूनच घेतली." तिला पुन्हा रडू आलं. "आदल्या दिवशी किती खूष होत्या! म्हणाल्या, आजवर मी दुसऱ्याच्या हाताच्या मुठी धरल्या, ही माझ्या हाताची आहे."

रस्त्याला लागल्यावर मधुभाऊ म्हणाले, "अल्फान्सोच. इतका उघड जळणारा माणूस मी पाहिला नाही."

"म्हणूनच तो नव्हे. ज्याचा मत्सर चव्हाट्यावर येऊन बोलतो, त्याला हातांनी काही करायची गरज उरत नाही. आता गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ."

*

काळुरामचं घर दोन खणांचं, पण नेटकं. भिंतींना दिवाळीतला पांढरा चुना अजून ताजा दिसत होता. दाराच्या आतल्या बाजूला मात्र हातभर जागा जुन्याच मातकट रंगाची राहिली होती, आणि तिच्यावर कुंकवाच्या हाताचा एक पुसट ठसा. चार बोटं एकमेकांना चिकटलेली, करंगळी जरा फटकून.

"एवढी जागा राहिली का गं?"

"दर दिवाळीला राहते," मालन म्हणाली. "चुना ते लावतात. कामात कितीही हुशार असले तरी घरात आळस. लग्न होऊन आले तेव्हाचा ठसा आहे तो माझा, आता दिसतही नाही धड."

तिने गूळ आणि पाण्याचा पेला पुढे केला. पेला धरताना तिची करंगळी त्याला टेकत नव्हती, बाजूला उभी राहत होती. अँब्रोजबाबा पाणी सावकाश प्यायले. मधुभाऊंनी आपला तांब्या दाखवून हात जोडले.

चुलीशेजारी मुसळ उभं होतं. त्याला मधोमध पट्टी आणि वर कातडं गुंडाळलेलं.

"हे काय?"

"उरलेल्या चिंध्या. आठवड्यापूर्वी गुंडाळून दिलं. मग दोनदा सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कांडताना हात दुखतात म्हणाले होते ना मी." ती थांबली. "आता दुखत नाहीत."

अँब्रोजबाबांनी मुसळाच्या त्या भागाला दोऱ्याचा वेढा दिला, गाठ मारून दोरा खिशात टाकला.

"माहेर कुठलं तुझं?"

"बाळकुम. बाप मिठागरावरच्या बैलांचे साज शिवायचा. मिठाच्या गाड्या ओढतात ना, त्या बैलांचे. मी त्यातच वाढले."

"इतक्यात गेली होतीस?"

"गेल्या सोमवारी. भावाच्या मुलीचं बारसं होतं."

परसात दोरी रिकामीच होती. ऊन मी म्हणत होतं, सगळं अंगण खडखडीत वाळलेलं. पण दोरीच्या बरोबर खाली मातीत ओल्या ठिपक्यांची एक रांग होती.

"आज पाणी सांडलं का इथे?"

"नाही. चार दिवस दोरीवर काहीच घातलं नाही मी. कशात मन लागतं?"

आत काळुरामची हत्यारांची पेटी होती. आरी, मेणाचे गोळे, दोरे. तळाशी कातड्याची एक घडी, दोऱ्याने घट्ट बांधलेली. अँब्रोजबाबांनी ती हातात घेतली.

मालनने तोंड फिरवलं. "ठेवा ते तिथेच. करंगळी बघा कशी नखऱ्याने उडवलीय. कष्टाचा हात नव्हे तो."

अँब्रोजबाबांनी दोऱ्याची गाठ सोडली आणि घडी उलगडली. कातड्यातून कापलेला एक हात होता, लहानसा, बाईचा.

"कोणाचा असेल?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? हात घेऊन धावणाऱ्यांना विचारा."

"मधुभाऊ," बाहेर आल्यावर अँब्रोजबाबा म्हणाले, "विठ्ठल जमादाराला निरोप द्या. चार वाजता काळुरामला त्याच्या घरी आणा म्हणावं, काठीसकट. अल्फान्सोला आणि एमालाही बोलवा."

"म्हणजे कळलं?"

"कळलं. पण सांगावंसं वाटत नाही."

*

चार वाजता काळुरामच्या ओट्यावर सगळे जमले. जमादार, त्याच्या मागे काळुराम, खांबाला टेकून अल्फान्सो, पायरीवर एमा. मालन उंबऱ्याच्या आत उभी राहिली.

एमाच आधी बोलली. "साहेब दुपारी शुद्धीवर आले. डोळे उघडून पहिल्यांदा चहा मागितला."

काळुरामने डोळे मिटून घेतले. मालन भिंतीला धरून खाली बसली.

"चांगलं झालं," जमादार म्हणाला. "पण गुन्हा गुन्हाच. मुठीला तेल..."

"तेल नव्हतंच," अँब्रोजबाबा म्हणाले. "तेलाचा डाग पडला की कागद पारदर्शक होतो. माझा कागद फक्त भिजला. तेल शेगडीवर वाळत नाही. ही पट्टी वाळली, आणि तासाभरात भर उन्हात पुन्हा ओली झाली. असं पाणी मी तीस वर्षं पाहिलंय. मिठागरात वाफ्यातलं मीठ ओढून घेतलं की तळाला जे कडूजहर पाणी उरतं, ते. हाताला बुळबुळीत लागतं. वाळवलं तरी हवेतून ओल ओढून घेतं. लोखंडाला चार दिवसांत गंज चढवतं, या खिळ्याला चढला तसा. शुक्रवारी दुपारी हवा कोरडी, पट्टीही गरम राळेने शेकलेली आणि कातड्याखाली झाकलेली, म्हणून मूठ झकास. शनिवारी पहाटेच्या धुक्याने ती पोटभर पाणी प्यायली. एमाने पुसलं तरी आतून पुन्हा पाझरत राहिली."

"म्हणजे पट्टीच भिजवली होती कोणीतरी," मधुभाऊ म्हणाले. "मूठ वळायच्या आधी!"

"आधीच. कातड्याखाली नंतर पाणी घालता येत नाही. म्हणून अल्फान्सो सुटला. पट्टी या घरातून बाहेर गेलीच नाही. एमा सुटली, ती निरोप सांगून ओट्यावरूनच परत जायची. पट्टी परसात दोरीवर वाळत होती. दोरीखालचे ठिपके अजून वाळले नाहीत, कारण ते पाणी वाळतच नाही."

"म्हणजे जिनगरच," जमादार म्हणाला. "त्याच्याच परसात, त्याचीच पट्टी."

"मीच केलं," काळुराम मोठ्याने म्हणाला. "झालं ना? चला."

"गप बस रे. तू आपल्या हाताने वळलेली मूठ नासवणार? तुला काम करतानाच शंका आली होती. ओल्या पट्टीवर गरम राळ पडली की तडतडते. तडतडली ना?"

काळुराम आपल्या बोटांकडे पाहू लागला.

"तडतडली. तुला वाटलं, दंवाने ओलावली असेल. शनिवारी साहेब पडल्यावर मात्र तुला कळलं, की हे पाणी कुठलं आणि ते ओळखणारं, आणणारं या घरात कोण आहे. तेव्हापासून तू तोंड शिवलंस."

सगळ्यांच्या नजरा उंबऱ्याकडे वळल्या.

अँब्रोजबाबांचा आवाज खाली आला. "मालन, तू बाळकुमची. बैलांच्या साजांना ते पाणी लागलं की कातडं कसं नासतं, हे तू बापाच्या मांडीवर बसून पाहिलंस. गेल्या सोमवारी तू माहेरी होतीस. आणि दुपारी मी ती घडी हातात घेतली, ती दोऱ्याने बांधलेली होती. मी सोडायच्या आधीच तू म्हणालीस, करंगळी बघा. तो हात तू आधी पाहिला होतास."

मालन उठून उभी राहिली.

"पाहिला होता. पंधरा दिवस रोज पाहत होते. हे झोपले की... नाही, जागे असतानाही. हे पेटी उघडायचे, तो हात काढायचे, त्याच्यावरून बोट फिरवत बसायचे. कोणाचा विचारलं तर म्हणाले, कामाचा आहे, तू हात लावू नकोस. आणि ही," तिने एमाकडे बोट केलं, "ही रोज दारात. हसत. मी काय आंधळी? मला वाटलं हिचाच हात. काठी हे निमित्त. मूठ नासली की मेमसाहेब रागावतील, काम काढून घेतील, हिचं येणं बंद होईल. एवढंच मनात होतं. कोणाचं डोकं फुटेल असं देवाशपथ वाटलं नव्हतं." ती जमादारापुढे येऊन उभी राहिली. "त्यांना सोडा. मला न्या. सकाळीच सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. वाटलं, बाबा कसंही करून सोडवतील."

अल्फान्सो खांबावरून सरळ झाला. "माझी पोर? या काडीपहिलवानासाठी?" तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"एक गोष्ट राहिली," अँब्रोजबाबा म्हणाले. त्यांनी पेटीतला कातडी हात आणून ओट्यावर पसरला. "मालन, तू कधी याच्यावर आपला हात ठेवून पाहिलास?"

"मी कशाला शिवू त्या सटवीच्या हाताला?"

"आज शिव."

ती हलेना. काळुराम हळूच म्हणाला, "ठेव ना."

मालन खाली बसली. तिने उजवा हात कातड्यावर टेकवला. बोटाला बोट, तळव्याला तळवा, आणि बाजूला फटकून राहणारी करंगळी त्या उडवलेल्या करंगळीवर जाऊन बसली. कुठे नखाएवढीही जागा उरली नाही.



"मेमसाहेबांचा मोजा आला," काळुराम जमिनीकडे पाहत सांगू लागला. "मोजा हाताची लांबी सांगतो, पकड सांगत नाही. मूठ धरल्यावर बोटांची टोकं अंगठ्याच्या उशीला जेमतेम टेकली पाहिजेत. ते जिवंत हातावरच कळतं. मेमसाहेबांचा हात मी हातात कसा धरणार? मग मोजा सहज भिंतीवरच्या ठशाला लावून पाहिला. तंतोतंत. म्हणून ठशावरूनच हात कापला."

"आणि जाडी मुसळावर पाहिली," अँब्रोजबाबांनी खिशातला दोरा काढून काठीच्या मुठीला वेढला. गाठ गाठीवर आली. "तीनदा सोडून, तीनदा गुंडाळून. मेमसाहेब म्हणाल्या ना, ही माझ्या हाताची आहे. ती तुझ्या हाताची होती, मालन."

"मग सांगितलं का नाही मला?" मालन म्हणाली.

"काय सांगू? परक्या बाईच्या मुठीला बायकोचा हात मापाला दिला, असं गावभर झालं असतं तर लोक तुलाच हसले असते." तो थांबला. "आणि तो हात काढून बघत बसायचो म्हणतेस, तर... चुना लावताना ती जागा आळसाने नाही राहत."

मालनने पदरात तोंड लपवलं. तिचा हात मात्र कातड्यावरच राहिला.

जमादाराने घसा खाकरला. "बाबा, आता मी कोणाला नेऊ? आणि कागदावर काय लिहू?"

"मला न्या," मालन पुन्हा म्हणाली.

"नेऊ नका," एमा एकदम उठली. "उद्या सकाळी मी हिला मेमसाहेबांकडे घेऊन जाते. झालं ते हिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग त्या म्हणतील तसं." ती मालनकडे वळली. "आणि माझं लग्न वसईला ठरलंय. ते त्या दिवशी सांगत होते, दार लावून घेतलंस तेव्हा."

"ये गं लग्नाला," अल्फान्सो खांबामागून म्हणाला. "तुझ्या घरधन्यालाही आण. पण मुठींचं काही बोलायचं नाही माझ्या मांडवात."

*

दुसऱ्या दिवशी मालन बंगल्यावर गेली. एमाने नंतर सांगितलं ते एवढंच. मेमसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मालनचा तळवा आपल्यासमोर उभा धरला आणि त्याला आपला तळवा लावून पाहिला. पाहुणे साहेब कपाळाला पट्टी बांधून आरामखुर्चीत होते. ते म्हणाले, यापुढे मी मेमसाहेबांपासून वीस पावलं लांब उभा राहीन. फिर्याद तिथेच संपली. जमादाराने रात्रीपुरता चौकीत ठेवलेला काळुराम संध्याकाळी घरी आला.

"मला अजूनही वाटतं, अल्फान्सोचा काहीतरी हात असणार," मधुभाऊ त्या दिवशी ओट्यावर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही पाणी प्या," अँब्रोजबाबा म्हणाले. मधुभाऊंचा तांब्या रिकामा होता. ॲडेलिनने काही न बोलता घरातल्या माठातलं पाणी त्यात ओतलं, आणि मधुभाऊ इकडेतिकडे पाहून ते प्यायले.

पुढच्या दिवाळीत काळुराम कामासाठी कल्याणला अडकला, म्हणून घराला चुना मालनने लावला. शेजारणी बघायला आल्या, नावाजून गेल्या. एक म्हणाली, "अगं, दाराजवळ एवढं राहिलं बघ."

"राहू दे," मालन म्हणाली, आणि कुंचला बादलीत बुडवून पलीकडच्या भिंतीकडे वळली.